बारावीनंतरचा बास्केटबॉल

आमच्या ऑफिसात दर जानेवारीत स्पोर्ट्स वीक असतो. एचआरचा मेल येतो, मेलसोबत फॉर्म येतो आणि फॉर्ममध्ये एक प्रश्न ठरलेला असतो... 'याआधी कोणत्या पातळीवर खेळला आहात?' यंदा कँटीनमध्ये चहा पिता पिता मी सहज चौकशी केली. बारामती, इंदापूर, दौंड या बाजूचे आम्ही अकरा जण आमच्या मजल्यावर आहोत. त्यातले सात जण शाळेत असताना तालुक्याला किंवा जिल्ह्याला काही ना काही खेळलेले निघाले. कबड्डी, खो-खो, एक कुस्तीवाला, दोघं बास्केटबॉलवाले. सातही जणांकडे सर्टिफिकेट आहे, तेही लॅमिनेट केलेलं. आणि आज त्यातले नियमित खेळणारे किती? शून्य!

"का रे, सोडलं का?" असं विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच. "बारावीला बंद केलं."

मला या उत्तराची गंमत वाटते. बारावीला घरातली केबलही बंद करायचे. पण परीक्षा झाली की केबल परत सुरू व्हायची. खेळ मात्र एकदा बंद झाला की कुणी परत सुरू करत नाही. अठराव्या वर्षी रिटायर! सचिनसुद्धा चाळिशीपर्यंत खेळला हो.

यामागे आळस आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडे खेळ ही एक शिडी आहे. शाळेची टीम, मग तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य. १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील, १९ वर्षांखालील. त्या शिडीवरून वर गेलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. याला मी नावं ठेवणार नाही. शेतकऱ्याच्या पोराला कबड्डीच्या सर्टिफिकेटवर नोकरी लागत असेल तर त्या घरासाठी ती फार मोठी गोष्ट आहे. पण शिडीचा गुणधर्म असा की प्रत्येक पायरीवर बहुतेकांना घरी पाठवलं जातं. आणि १९ वर्षं झाली की शाळा-ज्युनियर कॉलेजची शिडीच संपते. त्यानंतर दोनच रस्ते उरतात. एकतर तुम्ही फार भारी खेळाडू असायला हवं, नाहीतर प्रेक्षक व्हायचं.

प्रेक्षक व्हायची सोय आपल्याकडे भरपूर आहे. कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त 'भव्य खुल्या टेनिसबॉल क्रिकेट स्पर्धा' असतात. वेशीवर फ्लेक्स, रोख बक्षिसं, माईकवर कॉमेंट्री, रात्री फोकस. टीम बाहेरून येतात, चांगले खेळतात, बक्षीस घेऊन जातात. गावातली पोरं बांधावर बसून शिट्ट्या मारतात. चार दिवस मजा असते. पाचव्या दिवशी फ्लेक्स गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो आणि मैदानावर कुत्रं फिरकत नाही.

तर सांगायचा मुद्दा असा, की शिडी आणि फ्लेक्स या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी जागा असते. रोज संध्याकाळी, ज्याला यायचंय त्यानं यावं, खेळावं आणि घरी जावं. नंबर नाही, निवड नाही. ही जागा आमच्याकडे अगदी अपघातानं तयार झाली, म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या पट्ट्यात. आजूबाजूला ऊस, जवळून कालवा. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि हिंजवडी-खराडीतली आमच्यासारखी पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली. 'चार आठवडे असेल' म्हणत म्हणत दोन वर्षं राहिली. रेंजसाठी गच्चीवर, नाहीतर गोठ्याच्या पत्र्याखाली स्टँडअप कॉल. सहा महिन्यांत सगळ्यांची मान आणि कंबर एकदम पन्नाशीला पोचली. दुसरी लाट ओसरल्यावर, २०२१ चा पाऊस संपताना, आमच्यातला एक जण म्हणाला, "एक रिंग लावूया का?"

क्रिकेट का नाही? एक तर बावीस माणसं आणायची कुठून. दुसरं म्हणजे आमच्याकडे उसात गेलेला बॉल एकदम तोडणीलाच सापडतो! व्हॉलीबॉल चांगला, पण त्यालाही सगळे जमेपर्यंत थांबावं लागतं. बास्केटबॉलचं मला आवडतं ते हे की तो एकट्यालाही खेळता येतो. एक बॉल आणि एक रिंग पुरते. तुम्ही लवकर आलात तर शॉट मारत बसा. दुसरा आला की दोघांचा खेळ, चौघं झाले की दोन-दोन. कुणाची वाट बघावी लागत नाही. ज्यांच्या मीटिंगा कधी संपतील याचा भरवसा नाही त्यांच्यासाठी तर हा खेळ देवानेच पाठवलाय.

अडचण एकच होती, आणि ती फार जुनी आहे. आमच्या काळ्या मातीत बास्केटबॉल उसळत नाही. कबड्डी, खो-खो, कुस्ती हे मातीतले खेळ गावोगाव रुजले. बास्केटबॉल मात्र जिथं सिमेंटचं कोर्ट घालण्याइतका पैसा होता अशा शाळा-कॉलेजांत राहिला. खेळ 'शहरी' वाटतो त्याचं निम्मं कारण मला वाटतं इतकं साधं आहे.

गावातल्या एका बंद पोल्ट्रीच्या शेडपुढं कोबा होता. पूर्वी तिथं खाद्याची पोती उतरायची. मोजला तर बारा मीटर बाय नऊ. पूर्ण कोर्ट असतं २८ बाय १५ चं, म्हणजे आमची जागा चेष्टा करण्यासारखीच. पण 'थ्री बाय थ्री' नावाचा प्रकार एका रिंगवर, अर्ध्या कोर्टावर खेळतात. त्याचं अधिकृत कोर्टसुद्धा १५ बाय ११ मीटरच. एका बाजूला तीन खेळाडू आणि एक बदली. दहा मिनिटं, किंवा जो आधी २१ करेल तो जिंकला. कमानीच्या आतून एक पॉइंट, बाहेरून दोन. बॉल हातात आल्यापासून १२ सेकंदांत शॉट मारायचा. योगायोग बघा, हा प्रकार ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळला गेला तो टोकियोत, त्याच वर्षी, २०२१ च्या जुलैमध्ये. आम्ही अगदी लेटेस्ट व्हर्जनवर होतो म्हणायचं!

रिंग वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. आतला व्यास ४५ सेंटिमीटर, जमिनीपासून उंची ३.०५ मीटर. तो म्हणाला, "एवढ्या वर कशाला लावताय? हाताला यायला नको का?" त्याला म्हटलं, हाताला आली तर मजा काय राहिली. बोर्ड वॉटरप्रूफ प्लायवूडचा. बाजारात मिळालेली जाळी महिन्यात फाटली. मग भिगवणच्या बाजूला उजनीच्या पाण्यात मासेमारी करणाऱ्या एकाकडून जाळी विणून घेतली. ती अजून आहे. सगळा खर्च मिळून एका सेकंडहँड मोबाईलएवढा आला.

आम्हाला वाटलं होतं की आम्ही सहा जण खेळू. पण तिसऱ्या दिवशी गावातली पोरं येऊन कडेला बसली. दहाव्या दिवशी ती आमच्याआधी येऊन खेळत होती.

इथं थोडा इतिहास सांगतो, कारण तो मला फार आपला वाटतो. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या एका ट्रेनिंग स्कूलमध्ये जेम्स नायस्मिथ नावाच्या मास्तरांकडे १८ पोरांचा एक उनाड वर्ग आला. बाहेर बर्फ, मैदान बंद, आणि व्यायामाला पोरं कंटाळलेली. मास्तरांनी जिमच्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांच्या दोन टीम पाडल्या. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे बॉल आत पडला की वर चढून काढायला लागायचा! म्हणजे हा खेळ चॅम्पियन शोधायला निघालाच नव्हता. संध्याकाळी काय करायचं हे न कळणाऱ्या पोरांसाठी तो निघाला. पुढे वायएमसीएच्या लोकांनी तो जगभर नेला, आपल्याकडेही त्यांनीच आणला. मद्रासला १९२० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या कॉलेजातून शारीरिक शिक्षणाचे मास्तर तयार होऊ लागले.

संध्याकाळी काय करायचं हे न कळणारी पोरं... आपल्या नाक्यावरच्या टपरीपुढं, मोबाईलमध्ये मान घालून बसलेली दिसतात ती हीच की. "आजची पिढी" वगैरे भाषण मला द्यायचं नाही. त्यांना दुसरीकडे बसायला जागाच नाही, एवढंच म्हणणं आहे.

मुलग्यांचं एक वेळ सोपं असतं. मुलींचं काय?

माझी मावसबहीण तेव्हा आठवीत होती. गावातच राहते. रोज कडेला उभी राहून बघायची, एक दिवस "दादा, मी टाकू का?" म्हणाली. दोन आठवड्यांत तिच्यासोबत चार मैत्रिणी यायला लागल्या. मग घरचे प्रश्न सुरू झाले. अंधार पडायच्या आत परत यायला हवं. तेही बरोबरच. गळीत हंगामात त्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात, मागे दिवा नाही, पुढे गाणी फुल्ल. शिवाय मुली आहेत, तर कुणीतरी मोठी बाई तिथं हवी. म्हणून ठरलं की साडेपाच ते पावणेसात हीच वेळ, आणि मुलींपैकी एकीची आई रोज येऊन बसणार.

पहिल्या दिवशी मावशी आली. शेवग्याच्या शेंगा मोडत बसली. चौथ्या दिवशी बॉल घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिनं तो उचलला आणि ट्रॉलीत कडब्याची पेंढी टाकावी तसा दोन्ही हातांनी खालून भिरकावला. बोर्डाला लागून बॉल आत! पोरींनी जो काही दंगा केला... तेव्हापासून येणारी प्रत्येक आई बसण्याआधी दोन-चार शॉट मारतेच.

कुणी म्हणेल, खेडेगावात बायका असं चारचौघांत खेळत नाहीत. असं म्हणणाऱ्यानं आषाढी वारीत बेलवाडीला यावं. तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्याचं गोल रिंगण आमच्या इंदापूर तालुक्यात बेलवाडीला होतं. हजारो लोक गोल करून थांबतात. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात, मग अश्व धावतात. रिंगण झालं की साठ-सत्तर वर्षांच्या आज्या फुगडी घालतात, म्हातारे हुतूतू खेळतात. कुणाची निवड झालेली नसते, कुणी हसत नाही. म्हणजे मोठ्या माणसांनी, बायकांनी उघड्यावर खेळायचं हे आपल्याकडे मुळीच नवीन नाही. फक्त त्याला वर्षातला एक दिवस ठरवून दिलाय. उरलेल्या ३६४ दिवसांसाठी आमचा कोबा आहे, एवढंच.

२०२२ नंतर ऑफिसांनी हळूहळू परत बोलावलं. सहा जणांपैकी एक बंगळुरूला गेला, एक ऑनसाईट, बाकीचे पुण्यात. गावातला खेळ बंद पडणार असं आम्हाला वाटलं होतं. तो पडला नाही. बॉल किराणा दुकानात असतो, जो पहिला येईल तो घेऊन जातो. साडेपाचची वेळ सगळ्यांना माहीत आहे. आम्ही शनिवार-रविवारी जमेल तसे जातो. स्वारगेटहून बारामतीची विनाथांबा पकडली की संध्याकाळच्या खेळाला पोचता येतं.

पण यंदा एक गोष्ट घडतेय. मावसबहीण येत्या जूनमध्ये बारावीत जाईल. एवढ्या वर्षांत ती आमच्यापैकी निम्म्यांना बॉल दिसू देत नाही इतकी चांगली झाली आहे. लहान मुलींना तीच शिकवते. आणि गेल्या महिन्यात जेवताना काका म्हणाले, "बारावी हाय आता. बॉल बडवणं बास झालं."

ती काही बोलली नाही. ताटात बघत राहिली. मावशी म्हणाली, "पाऊण तासानं काय हुतंय?" काका म्हणाले, "त्या पाऊण तासानंच मार्क जात्यात."

काकांचं मला कळतं. त्यांना कुणी खोटं सांगितलेलं नाही. आजूबाजूला त्यांनी पाहिलंय ते हेच, की जी पोरं शिकली ती खेळ सोडून शिकली. दोन्ही करणारं माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नाही. तिला पुण्याच्या शिरीन लिमयेचं उदाहरण द्यावं, भारताच्या महिला संघाची कर्णधार झालेली, तर काका म्हणणार, "ती लई मोठी खेळाडू. आपलं काय?" आणि पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला, हे सांगून तर काहीच उपयोग नाही. तो सात फूट दोन इंच आहे, आमच्या घराण्यात दरवाज्याला डोकं लागलेला माणूस नाही.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणं इथं चालत नाहीत, कारण ती परत शिडीचीच उदाहरणं आहेत. काकांना हवं ते उदाहरण म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा सामान्य माणूस. बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, होम लोनचा हप्ता आहे, आणि तरी शनिवारी साडेपाचला घाम गाळतोय. असं माणूस त्यांना कोब्यावर दर आठवड्याला दिसलं पाहिजे. एकदा नाही, सारखं दिसलं पाहिजे.

आपण पोरांना 'प्रोत्साहन' द्यायचं म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? टी-शर्ट वाटणं, ट्रॉफी देणं, बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणा होणं. गावाला पैसे पाठवणंही सोपं असतं. पण आपल्या पिढीकडे एक गोष्ट अशी आहे जी कोचकडे नाही आणि पुढाऱ्याकडेही नाही. गावातले आईबाप शिक्षणाच्या बाबतीत आपलं ऐकतात. 'आयटीतला' म्हणून आपल्याला जो काही भाव मिळतो, तो अशा कामाला वापरला तर काय बिघडलं? आपण स्वतः खेळलो की वेगळं काही सांगावंच लागत नाही.

हे कुठं जमलंय का, असं विचाराल तर मुंबईतलं नागपाडा बघा. गजबजलेली, गरीब वस्ती. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथं नेबरहूड हाऊस सुरू केलं, वस्तीतल्या लोकांनी एकत्र यावं म्हणून. आजची टाटा समाजविज्ञान संस्था, टिस, १९३६ मध्ये तिथंच सुरू झाली. आणि याच नागपाड्यात बास्केटबॉल असा रुजला की तिथल्या गल्ल्यांतून पिढ्यान् पिढ्या खेळाडू निघाले. अब्बास मुंतासिर तिथलेच, भारताचे कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते. तिथल्या महापालिकेच्या मैदानाला नाव आहे ते बच्चू खान यांचं. ते तिथले प्रशिक्षक. मला यात मोठं वाटतं ते हे, की मैदानाला नाव मिळालं ते रोज संध्याकाळी पोरांना शिकवणाऱ्या माणसाचं. नागपाड्यात जागा मुबलक होती म्हणून हे झालं नाही, जागेची तर तिथं मारामारीच. मोठ्यानं लहानाला शिकवायचं, आणि ते उद्याही करायचं, यावर ते उभं राहिलं.

तेव्हा बारामती-इंदापूरच काय, कुठल्याही तालुक्यातून आलेल्या आणि दर पंधरवड्याला घरी जाणाऱ्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. जुन्या शाळेच्या आवारात गंजलेली रिंग असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. किल्ली कुणाकडे असते ते विचारा, आणि किल्ली मिळाली की वेळेवर परत करा. जागाच नसेल तर कोबा शोधा. कुणाचं खळं, बंद शेड, समाजमंदिरापुढची फरशी. वेळ एकच ठेवा, ती बदलू नका. मुलींसाठी सहा नंबरचा बॉल घ्या, तो जरा लहान असतो. थ्री बाय थ्रीलाही त्याच मापाचा बॉल लागतो, त्यामुळे दोन घ्यायची गरज नाही. कॅप्टन होऊ नका. पहिल्या वर्षी स्पर्धा तर अजिबात भरवू नका, फ्लेक्स आला की खेळ गेलाच म्हणून समजा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिट्टी घेऊन कडेला उभे राहू नका. आत या, दमा, पोरांकडून हरा.

काकांशी माझं बोलणं अजून संपलेलं नाही. मागच्या रविवारी मी त्यांना म्हटलं, "तुम्ही एकदा येऊन बघा तरी." ते आले. हाताची घडी घालून वीस मिनिटं उभे राहिले. मुलीनं माझ्या बगलेखालून बॉल काढून नेला आणि बास्केट केली तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "तू इंजिनिअर हायेस ना रं? आन पोरगी तुला घुमिवतीय व्हय?"

होकार नाही, पण नकारही नाही. जूनपर्यंत वेळ आहे. त्यामुळे पुढचे सगळे शनिवार माझे बुक आहेत. तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्यानं घरी जात असाल तर जरा वाट वाकडी करून या. जेवढी जास्त बारावी पास माणसं कोब्यावर दिसतील तेवढं बरं.